पद्मिनीची निगा मारुतीला लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांवर वर्तमानपत्रांत अधूनमधून लेख येतात आणि त्यांत प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांची तुलना हमखास असते. ती बहुतेक वेळा पत्र्यावर येऊन थांबते. पद्मिनीचा पत्रा जाड म्हणून ती दणकट, मारुतीचा पातळ म्हणून तो डबा. ज्यांच्या दारात यांपैकी एखादी गाडी आजही उभी आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्या हाती यातून काहीच लागत नाही. या दोन गाड्यांतला खरा फरक निगेचा आहे. पद्मिनी सतत थोडंथोडं मागते आणि मोठं काही बिघडण्याआधी आवाज करून सांगते. मारुती बराच काळ काहीच मागत नाही आणि मग अख्खा भाग बदलायची वेळ आणते. एकीची सवय दुसरीला लावली, की दोन्ही गाड्या वेळेआधी भंगारात जातात.

आधी इंजिनांकडे पाहू, कारण तिथे एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी. मारुतीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२ मिमी. म्हणजे एकेक सिलिंडर दोघींचा जवळजवळ सारखाच आहे. मारुतीत तो एक कमी. तरीही दोघींची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच भरते. मधल्या काळाचा हा फरक आहे. पद्मिनीच्या इंजिनाचं मूळ १९३७ सालच्या फियाटपर्यंत जातं. त्यात व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, खाली ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह पुशरॉड नावाच्या लांब काड्यांनी उघडतात. मारुतीत कॅमशाफ्ट वर हेडमध्ये (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागात) आला, मधल्या हलणाऱ्या भागांचं वजन कमी झालं आणि इंजिन जास्त फेऱ्यांवर मोकळेपणी फिरू लागलं. वजनात तर तुलनाच नको. पद्मिनी साधारण ९०० किलोची, मारुती साधारण ६५० किलोची. तेवढ्याच ताकदीने पाव टन कमी ओढायचं असेल तर मायलेज आणि चढावरची चाल कोणाची बरी राहणार, हे वेगळं सांगायला नको.

पण चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत हळू फिरताना जे शांत वाटतं, ते तीन सिलिंडरवाल्याला जमत नाही. मारुती आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू चालू असताना, थरथरते ती मुळातच. ती थरथर घालवण्यासाठी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून ठेवणारे बरेच आहेत. त्याने पेट्रोल जातं, बाकी काही साधत नाही. थरथर अचानक वाढली असेल तर आधी इंजिन माउंटिंगचे रबर पाहावेत आणि मग एकेक प्लगची वायर काढून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधावं. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, दोष त्या सिलिंडरचा. वायर काढताना इन्सुलेटेड पक्कड वापरावी. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फवाऱ्याने पेट्रोल घेणाऱ्या नंतरच्या गाडीवर हा प्रयोग करू नये.

आता निगा. पद्मिनीच्या पुढच्या चाकांचा सगळा भार किंगपिनवर, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खिळीवर असतो आणि किंगपिनला ग्रीस लागतं. दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीसगनने प्रत्येक निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरायचं. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटर मोजत बसू नये. ग्रीस भरताना पुढचा भाग जॅकवर उचलून स्टँडवर ठेवला तर ते पिनच्या भार पडणाऱ्या बाजूलाही पोचतं. चाकं जमिनीवर असताना ती बाजू कोरडीच राहते. बऱ्याच ठिकाणी हे केलं जात नाही आणि मग 'ग्रीस तर वेळेवर भरतो, तरी किंगपिन जातात' अशी तक्रार ऐकू येते.

किंगपिन गेला की चाकाचं बेअरिंग, हे घरीही कळतं. चाक जॅकवर उचलून स्टँड लावा. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. हलतंय असं वाटलं तर दुसऱ्या माणसाला ब्रेकचं पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर दोष किंगपिनचा किंवा त्याच्या बुशचा (पिन ज्यात फिरते त्या नळीचा). एवढी साधी चाचणी न करता दोन्ही बदलायला सांगितलं जातं. नवे बुश बसवल्यावर ते रीमरने (भोक आतून तासायच्या हत्याराने) पिनच्या मापाला आणावे लागतात. रीम न करता हातोड्याने ठोकून बसवलेला पिन सुरुवातीला घट्ट वाटतो, स्टेअरिंग वळल्यावर सरळ परत येत नाही आणि काही महिन्यांत बुश खाल्ला जातो.

मागच्या बाजूला गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे असतात. क्लच सोडताना 'टक' असा एकच आवाज आला की ते पाहायची वेळ झाली. मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) शॅकलचे, म्हणजे टोकाच्या कड्यांचे रबर बुश गेले की खड्ड्यात गाडीचं बूड बाजूला सरकल्यासारखं वाटतं. स्टेअरिंगखालच्या गिअर लिव्हरला लांबलचक जोडरॉड असतात. त्यांचे छोटे बुश झिजले की गिअर नीट पडत नाही, कधी दोन गिअरच्या मध्येच अडकतो. असं झालं की गिअरबॉक्स उघडायची घाई होते. त्याआधी बॉनेट उघडून जोडरॉडचे बुश आणि त्यांची लांबी तपासावी. पुष्कळदा दोष तेवढाच असतो.

मारुतीला यातलं काहीच नाही. किंगपिन नाहीत, प्रॉपेलर शाफ्ट नाही, पाटे नाहीत (१९८६ नंतरच्या आकाराच्या गाडीत), ग्रीसचे निपल नाहीत. म्हणून तिच्या खाली कोणी पाहतही नाही, आणि इथेच चूक होते. ज्या जागी पद्मिनीत निपल आहे तिथे मारुतीत रबराचं आवरण आहे, आणि ते आवरण फाटलं की आतला भाग संपलाच. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवरचे (जॉइंटवरचे) रबर बूट हे सगळ्यात मोठं उदाहरण. बुटाला चीर गेली की ग्रीस बाहेर उडतं, चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात, आणि त्याच चिरेतून धूळ-पाणी आत जातं. शिंतोडे दिसले त्याच आठवड्यात बूट बदलून जॉइंट धुऊन नवं ग्रीस भरलं तर काम तिथेच मिटतं. पूर्ण वळवलेल्या स्टेअरिंगवर गाडी हळू पुढे नेताना 'कट-कट-कट' आवाज येऊ लागला, की बुटाची वेळ गेली, आता जॉइंट. दर ऑइल बदलीला टॉर्च घेऊन चारही बूट आणि लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवरची रबरं पाहायची एवढीच काय ती शिस्त, पण ती हवीच.

दुसरी वस्तू टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्टला फिरवणारा रबरी पट्टा. पद्मिनीत साखळी आहे. ती सैल झाली की खुळखुळते, महिनोन्महिने सांगत राहते. बेल्ट काही सांगत नाही. तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. जुन्या मारुतीत किलोमीटरइतकंच वयही धरावं, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असं समजून काम करावं. बेल्टबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्टची ऑइल सील त्याच वेळी बदलावी. सीलमधून झिरपलेल्या ऑइलने नवा बेल्टही वर्षभरात सुजतो. बेल्ट बसवताना पुलींवरच्या खुणा जुळवल्यावर, सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिल्याशिवाय कव्हर लावू देऊ नये.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही, आणि 'जाड पत्रा म्हणजे सुरक्षित' या समजाला माझा विरोध इथेच आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. घाट उतरताना सतत ब्रेक दाबले की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, अस्तराची पकडही तापून कमी होते आणि पेडल खाली जाऊ लागतं. ९०० किलोची गाडी तेव्हा थांबायला तयार नसते. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या चालकांचा नियम तिच्यासाठी आजही सक्तीचा आहे. जुन्या मॉडेलांत ब्रेकच्या ऑइलचं सर्किट एकच. एका चाकाचा व्हील सिलिंडर (ब्रेकचे शू ढकलणारा छोटा सिलिंडर) गळाला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून आठवड्यातून एकदा चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते पाहावं, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदलावं आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करावी. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर ओढते त्या बाजूचा ब्रेक बिघडला असं लगेच धरू नये. बहुतेकदा दुसऱ्या बाजूच्या अस्तराला ऑइल किंवा ग्रीस लागलेलं असतं.

मारुतीला पुढे डिस्क आणि दोन वेगळी सर्किटं. गाडी हलकी, त्यामुळे ती पद्मिनीपेक्षा नक्कीच लवकर थांबते. तिचा दोष वेगळा आहे. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना धुळीने आणि गंजाने जाम होतात. मग आतला पॅड घासून संपतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. बाहेरून पाहणारा 'पॅड भरपूर आहेत' म्हणून गाडी सोडून देतो. पॅड तपासायचे तर दोन्ही काढून तपासावेत. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठी बनवलेलंच ग्रीस लावावं. साध्या ग्रीसने रबरं फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. टक्कर झालीच तर दोन्ही गाड्यांकडे एअरबॅग नाही. न चेपणारा जाड पत्रा धक्का आतल्या माणसाकडे पाठवतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पत्र्याची चर्चा थांबेल.

उष्णतेचं पाहा. दोघींचंही हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर दोन धातू वेगवेगळे पसरतात, म्हणून एकदा जरी गाडी उकळली तरी हेड गॅस्केट धोक्यात येते. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे गाडी थांबलेली आणि इंजिन हळू असताना, म्हणजे नेमका ट्रॅफिकमध्ये, तो कमी हवा ओढतो. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर १० ते १५ मिमी दबावा. त्याहून सैल असेल तर पंखाही घसरतो आणि चार्जिंगही. मारुतीचा पंखा विजेवर चालतो, गाडी थांबलेली असतानाही पूर्ण वेगाने. पण त्याला सुरू करणारा स्विच मेला तर पंखा लागतच नाही आणि हमरस्त्यावर ते कळतही नाही, कारण तिथे समोरून वारा मिळतो. चाचणी सोपी आहे: गाडी सुरू करून जागेवरच ठेवायची, काटा मध्यावर येऊन थोडा वर गेला की पंखा आपोआप लागला पाहिजे आणि काही वेळाने बंद झाला पाहिजे. जुनी मारुती विकत घेताना ही दहा-पंधरा मिनिटं जरूर घालवावीत. पंखा थेट बॅटरीला जोडून कायम सुरू ठेवलेला दिसला तर स्विच किंवा थर्मोस्टॅट यांपैकी काहीतरी लपवलंय असं समजावं.

आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी दोन्ही गाड्यांत बंद करावं. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं. हेड उतरवलंच तर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासावा, ०.०५ मिमीच्या वर वाक असेल तर नुसती नवी गॅस्केट टिकत नाही. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर, मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानेच आवळावेत.

इग्निशनमध्ये कार्बोरेटरच्या काळातल्या मारुती आणि पद्मिनी सख्ख्या बहिणी. ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिमी, दर पाच हजार किलोमीटरला तपासायची, आणि फट बदलली की टायमिंगही पाहायचं. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. इंजेक्शनच्या मारुतीत हा सगळा भाग गेला. तिथे एकच पथ्य, टाकी कायम तळाला ठेवू नये. टाकीतला विजेचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

सध्याचा मोठा प्रश्न इंधनाचा आहे आणि त्यावर फारसं लिहिलं जात नाही. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेला सांभाळत असे. जुन्या पद्मिनीत टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली) फट पुन्हापुन्हा कमी होत असेल तर तो टॅपेटचा दोष नसतो. एक्झॉस्टची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकत असतो. अशा हेडला कडक धातूच्या सीट बसवून घेणं हाच इलाज. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबराला फुगवतं, इंधन पंपाच्या आतला पडदा मऊ करतं, आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. कार्बोरेटरच्या दोन्ही गाड्यांत टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणाऱ्या पाइपांनी बदलावेत, पंपाचा पडदा नवा घालावा आणि पारदर्शक फिल्टर बसवावा, म्हणजे टाकीतला गंज सुटू लागला तर दिसतो. या मिश्रणावर कार्बोरेटरची गाडी थोडी 'लीन', म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडून चालते: गाडी झटके देते, इंजिन गरम राहतं, प्लगची टोकं पांढरट दिसतात. तेव्हा मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक, एक पायरी मोठा लागतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची मारुती हा फरक बराचसा स्वतः भरून काढते. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये. ओलावा धरून पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होतं आणि पहिला घोट कार्बोरेटरला तोच मिळतो.

आता पत्र्याकडे येतो, कारण मारुतीचा शेवट इंजिनाने क्वचितच होतो. तो गंजाने होतो. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणून फ्लोअर, रनिंग बोर्ड आणि पुढच्या सस्पेन्शनच्या वरचा भाग यांचा गंज दिसण्याचा प्रश्न नसून मजबुतीचा आहे. मारुतीत पुढची मॅट पूर्ण उचलावी, खालचा फेल्ट ओला आहे का पाहावं, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला तिथे पत्रा पापडासारखा झालेला असतो. बॉनेट उघडून बॅटरीखालचा ट्रे आणि स्ट्रट (पुढच्या सस्पेन्शनचा उभा खांब) बसतो तिथली गोलाकार जागा पाहावी. तिथे नवाच रंग किंवा जाड काळं कोटिंग दिसलं तर गाडी घेऊ नये. बाहेर लोहचुंबक फिरवावा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी आहे. पद्मिनीचा पत्रा जाड असला तरी तिची डिकीची फरशी आणि दाराखालची पट्टी तशीच सडते, फक्त उशिरा. पाणी जाण्याची दाराखालची भोकं मोकळी ठेवणं दोघींनाही लागू.

सुट्या भागांचं म्हणाल तर, मारुतीचं हेच इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत आलं, त्यामुळे इंजिनाचं सामान सहज मिळतं. १९८३ ते १९८६ च्या पहिल्या आकाराच्या गाडीच्या काचा, दिवे आणि बाहेरच्या पट्ट्या मात्र दुर्मीळ आहेत. पद्मिनीची कारखानदारी २००० च्या सुमारास आटोपली, पण तिचे बुश, पिना, पाटे चांगला लेथवाला बनवू शकतो. अडतं ते कार्बोरेटरच्या आणि डायनॅमोच्या अस्सल सामानावर.

रोज चालवायची असेल आणि स्वतः हात काळे करायची हौस नसेल, तर माझ्या मते इंजेक्शनची मारुती घ्यावी आणि सगळं लक्ष गंजावर ठेवावं. महिन्यातून एक रविवार गाडीखाली जायची तयारी असेल तरच पद्मिनी.

कागदपत्रांबद्दल एक सूचना. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो. सत्तरच्या दशकातल्या फियाट-पद्मिनी आता एकेक करून या वयात येत आहेत. पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. डिझेल किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेल्या पद्मिनी तिथेच बाद होतात. शिवाय अशी नोंदणी घेतल्यावर गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती अशा मोजक्या कामांपुरतीच मुभा असते. ज्यांना ती बाजारहाटाला न्यायची आहे त्यांनी अर्ज करण्याआधी नेहमीच्या नूतनीकरणाचाच मार्ग धरावा, आणि दोन्ही बाबतींत इंजिन व चासीचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का ते आधीच पाहून ठेवावं.

कळावे,
आपला एक वाचक